एक हजार दहा

मास्तरांचे दहा म्हणजे बाहेरच्या जगाचे वीस, असं उडीच्या मैदानावर सगळे म्हणायचे. पहिल्यांदाच विमानातून उडी मारायला आलेली मंडळी चार-पाच आठवडे मास्तरांच्या तावडीत असायची आणि त्यांतला एकही जण मास्तरांच्या नावानं बोटं न मोडता घरी गेला नसेल. पोटावर झोपायचं, छाती आणि गुडघे जमिनीपासून उचलायचे, हात कोपरात वाकवून बाजूला, मान वर. हवेत अंग असंच ठेवायचं असतं; मैदानावर त्याला कमान म्हणत. कमान दहा आकडे धरायची. दहा आकड्यांत काय मोठंसं, म्हणून लोक हसतहसत आडवे व्हायचे आणि मग डोक्यावरून मास्तरांचा आवाज यायचा, “एक हजार एक.” मग थोडी उसंत. “एक हजार दोन.” पाचापर्यंत निम्मी मंडळी जमिनीला नाक टेकून मोकळी झालेली असायची.

“मास्तर, जिममध्ये एक-दोन-तीन असं मोजतात,” कुणी तरी कण्हत म्हणायचं.

“जिम दहा हजार फुटांवर नसते,” मास्तर म्हणायचे.

त्यात त्यांचं चुकत नव्हतं. विमानाच्या दारातून बाहेर पडलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते. एक-दोन-तीन करत दहा आकडे अडीच सेकंदांत संपतात, आणि आपण छत्रीची दोरी ओढायची ती कधी, हेच कळेनासं होतं. ‘एक हजार एक’ असं तोंडभर म्हटलं की बरोबर एक सेकंद भरतो. म्हणून जमिनीवरच ती सवय लावायची, बैठका मारताना, दांडीला लोंबकळताना, मान ताठ धरताना, सगळीकडे. एकवीस वर्षांत मास्तरांनी कुणासाठी एक ‘हजार’ गिळला नव्हता. मैदानाच्या मालकासाठी नाही, दोन वेळा चक्कर येऊन पडलेल्या बँकेच्या साहेबांसाठी नाही. त्यांची बायकोसुद्धा मूळची त्यांची विद्यार्थिनी. ‘मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं’ असं ती पाहुण्यांना सांगायची.

तो ‘हजार’ त्यांनी गिळला तो सख्ख्या बहिणीसाठी. आणि गिळला नसता तर बरं झालं असतं, असं आता म्हणायचं, पण त्या वेळी त्यांच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. मैदानावरच्या छत्र्यांच्या घड्या घालणं हे तिचं काम, सव्वीस वर्षं. घड्यांची खोली लांबलचक होती. उन्हानं कापड कमजोर होतं म्हणून खिडक्यांना सदा जाड पडदे. सगळं काम गुडघ्यांवर. छत्री जमिनीवर पसरायची, दोऱ्या एकेक करून विंचरायच्या, कापडातली हवा अंगाखाली दाबून काढायची, घडी लहान लहान करत शेवटी ती पिशवीत कोंबायची. मग कार्डावर तारीख आणि सही. ताईची सही म्हणजे एक गोल आणि त्याला उंदरासारखं शेपूट. तो गोल दिसला की जुने उडीवाले निर्धास्तपणे छत्री पाठीला लावत. तिनं घातलेली घडी उघडली नाही असं कधी झालं नव्हतं.

एवढं सगळं, पण ताई स्वतः कधी वर गेली नव्हती. त्याला कारण आई. दोन्ही मुलं या मैदानावर कामाला लागली तेव्हा आईनं ताईला समोर बसवून सांगितलं होतं, “हा वर जातो तेवढं पुरे. तू खाली राहायचंस. दोघांसाठी जीव टांगणीला लावून बसायची ताकद नाही माझ्यात.” ताई हो म्हणाली होती. म्हातारी नव्वद वर्षं जगली आणि ताईनं शेवटपर्यंत शब्द पाळला. शेवटची तीन वर्षं आई अंथरुणाला खिळली होती, तर तिला उचलणं, वळवणं, बसवणं सगळं ताईनंच केलं. मागच्या हिवाळ्यात आई गेली. आठवड्याभरानं घड्यांच्या खोलीत ताई मास्तरांना म्हणाली, “आता माझा नंबर.”

मास्तरांना आनंद झाला, आणि त्याच क्षणी धस्सही झालं, कारण हे बोलल्यावर ताई जमिनीवरून उठायला लागली आणि तिला उठता येईना. आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग शेजारचं स्टूल धरून ती हळूहळू, स्वतःच्या मांडीला हातानं ढकलत उभी राहिली. “गुडघे,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं जमिनीवर घासलेत, कुरकुरणारच.” आईला उचलून उचलून कंबर गेलीय, असंही ती दोन वर्षं म्हणत होती. घड्या घालणाऱ्या बाईला पिशवी चिमटीत घट्ट धरता येत नाही, बोटं मध्येच सुटतात, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मांडीतला सुईएवढा तुकडा काढून पाहिला आणि एक लांबलचक नाव सांगितलं, जे मास्तरांना कधीच नीट उच्चारता आलं नाही. डॉक्टर भले होते, घोळवत बसले नाहीत. “मांडीचे आणि बोटांचे स्नायू हळूहळू विरघळताहेत असं समजा. हे थांबत नाही आणि यावर औषध नाही.”

“आणि व्यायाम?” मास्तरांनी विचारलं.

“करा की. हलका व्यायाम चांगलाच. पण दमेपर्यंत नाही. यांच्याबाबतीत दमणं म्हणजे कमावणं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

मास्तरांनी त्यातलं ‘करा की’ तेवढं घरी आणलं. त्यांचा जन्म गेला होता एकाच गोष्टीवर विश्वास ठेवण्यात: अंगाला मागितलं की अंग देतं. आज रडत का होईना, पण मागायचं. पोट सुटलेले कारकून, दोन मुलांच्या आया, एक साठीचे निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांच्या अंगांनी मास्तरांना दिलं होतं. आता सख्ख्या बहिणीचं अंग देणार नाही असं कसं होईल?

मैदानाची मुख्य शिक्षिका, जिला सगळे कॅप्टन म्हणत, तिच्यासमोर हा विषय गेला. ताईची उडी अर्थातच जोडउडी असणार होती: शिक्षक मागे, नवखा माणूस त्याच्या पुढ्यात पट्ट्यांनी जोडलेला, आणि छत्री एकच. जोडउडीला नवख्याचं काम फार नसतं. पण उतरताना एक काम असतं, आणि ते त्यालाच करावं लागतं. जमीन जवळ आली की दोन्ही पाय सरळ पुढे उचलून धरायचे. ते खाली लोंबले तर आधी तेच जमिनीला लागतात आणि मागच्याचं सगळं वजन त्यांच्यावर येतं. चार वर्षांपूर्वी एका जाडजूड व्यापाऱ्यानं ऐन वेळी पाय सोडले होते. त्याचा घोटा मोडला आणि मागे कॅप्टन होती, तिचा गुडघा गेला. ती अजून जिना एकेक पायरी करून उतरते. तेव्हापासून नियम झाला: टांगलेल्या पट्ट्यांत बसून पाय सरळ वर, घड्याळ लावून दहा सेकंद. जमले तर विमानात, नाही तर घरी.

“ताई, तुमच्यासाठी मी नियम मोडला आणि काही झालं, तर मला स्वतःला तोंड दाखवता येणार नाही,” कॅप्टन म्हणाली. तिची पहिली छत्रीसुद्धा ताईच्याच हातची होती. “दुसरीकडे पाय पट्ट्यांनी वर बांधून नेतात, मला माहीत आहे. हवं तर मी ते शिकून येते.”

“बांधून?” ताई म्हणाली. “सव्वीस वर्षं बोचकी मी बांधलीत. मीच बोचकं होऊन जाऊ होय? पाय मी उचलेन, नाही तर जाणार नाही.”

यावर कुणाची काय टाप होती बोलायची? बारा आठवड्यांची मुदत ठरली. त्यानंतर वाऱ्याचे महिने लागणार, विमान शेडमध्ये जाणार, आणि पुढचा मोसम येईल तेव्हा ताईचे पाय कुठवर आलेले असतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचा मोसम हा शब्द कुणी काढला नाही.

मास्तरांनी आईच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवला आणि छताच्या कडीला जुने पट्टे टांगले. दाराच्या चौकटीत दांडी बसवली. रोज कामावर जाण्याआधी मास्तर ताईकडे. आधी खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. मग भिंतीला पाठ लावून अर्ध्यावर थांबणं. मग सतरंजीवर कमान. मग दांडीला बांधलेल्या दोन रबरी दोऱ्या खांद्यापासून कमरेपर्यंत ओढणं, छत्री उतरवताना हातांना हेच करावं लागतं, आणि जोडउडीत ते शिक्षक करतो, पण ताई म्हणाली, “मी काय सामान आहे का? मीपण ओढणार.” शेवटी पट्ट्यांत बसून पाय वर.

पहिल्या दिवशी सहा आकडे. पूर्ण सहा, एकेक हजार तोंडभर म्हणून. मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं सहा लिहिला आणि मनातल्या मनात उडीच मारली. बारा आठवड्यांत चार आकडे वाढवायचे, म्हणजे डाव्या हातचा मळ! तिसऱ्या आठवड्यात एकदा सात झाले. त्या दिवशी ताईनं स्वतःहून पोहे की काहीतरी करायचा घाट घातला, मग सांडशी हातातून सुटली, मग दोघांनी बिस्किटं खाल्ली आणि आईच्या पलंगावर बसून खूप हसले. “म्हातारी वरून बघत असेल,” ताई म्हणाली, “म्हणत असेल, दोघं मिळून माझ्या खोलीची वाट लावताहेत.”

तो सात पुन्हा आला नाही. चौथ्या आठवड्यात सहा, सहा, पाच. मास्तरांनी डोकं लावलं. झोप कमी पडत असेल, खाणं कमी पडत असेल. मग ज्यावर त्यांचा विश्वास होता तेच त्यांनी केलं, म्हणजे व्यायाम वाढवला. सकाळच्या जोडीला संध्याकाळची फेरी. डॉक्टरांचं ‘दमेपर्यंत नाही’ त्यांना आठवत होतं, नव्हतं असं नाही. पण नवख्या माणसाच्या तोंडून ‘दमलो’ ऐकायची एकवीस वर्षांची सवय. दमलो म्हणतो तिथूनच खरा व्यायाम सुरू होतो हे त्यांनीच हजारदा सांगितलेलं. ताईही हट्टी. “अजून एकदा,” ती म्हणायची, आणि मास्तर अजून एकदा घ्यायचे. पाचव्या आठवड्याच्या शेवटी जिन्यावर तिचा पाय अचानक दुमडला आणि ती बसकण मारून पाच पायऱ्या खाली आली. कुठे मोडलं नाही. तरी मास्तरांनी संध्याकाळची फेरी सोडली नाही. या एका गोष्टीसाठी त्यांना पुढे स्वतःची फार चीड आली, आणि ती यायलाच हवी होती.

सहाव्या आठवड्यातली सकाळ. ताई पट्ट्यांत बसली होती. पाय वर आले, पण सरळ होईनात, गुडघ्यात थरथरत होते. मास्तर समोर उभे. “एक हजार एक,” ते म्हणाले. “एक हजार दोन.” ताईच्या कपाळावरची शीर उठली होती. तिचे डोळे मास्तरांच्या तोंडाकडे लागले होते, पुढचा आकडा कधी बाहेर पडतो त्याकडे. लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी मास्तर रडत दारात उभे होते तेव्हा ताईनं असंच त्यांच्याकडे पाहिलं होतं, जा रे, मी आहे, म्हणून. मास्तरांना ते सहन झालं नाही.

“तीन,” ते म्हणाले. “चार, पाच, सहा, सात.”

पाय पडले.

“सात?” ताईनं विचारलं.

“सात,” मास्तर म्हणाले आणि पाठ करून कॅलेंडरात सात लिहू लागले. ताईनं कॅलेंडराकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं.”

मास्तरांनी स्वतःची समजूत अशी घातली, की माणसाला जमतंय असं वाटलं की अंगही मागोमाग येतं. आधी मन, मग पाय. असं त्यांनी कधी कुणा नवख्याला सांगितलं नव्हतं. उलट असं म्हणणाऱ्यांची ते यथेच्छ टर उडवायचे. पण एकदा जीभ सैल सुटली की तिला आवर घालणं कठीण. आठव्या आठवड्यात आठ झाले, दहाव्यात नऊ. अकराव्या आठवड्यात शुक्रवारी मास्तर इतक्या घाईनं मोजत सुटले की दहा झाले तेव्हा त्यांना स्वतःलाच दम लागला होता.

“झाले?” ताई म्हणाली.

“झाले! दहा!”

“बरं,” ती म्हणाली, आणि पट्ट्यांतून उतरायला हात पुढे केला. आता तिला उतरवायला मास्तरांचे दोन्ही हात लागत होते.

त्याच दिवसांत ताईनं मैदानावर एक काम केलं. मैदानाचा रिवाज होता, की घड्या घालणारा माणूस पहिल्यांदा वर जातो तो आपणच घडी घातलेल्या छत्रीनं. कॅप्टननं ताईला कार्डांच्या टेबलावर बसवलं होतं, कारण बोटांनी पिशवी आवळता येत नव्हती. पण ही एक छत्री ताईनं कुणाला हात लावू दिली नाही. एरवी अर्ध्या तासाचं काम, तिला दोन दिवस लागले. दोऱ्या विंचरायला बोटं चालत नव्हती तर तिनं मनगटानं विंचरल्या. घडी दाबायला ती तिच्यावर आडवी झाली आणि मग तिथून तिला दोघांनी उठवलं. कार्डावर गोल आणि शेपूट. छत्री फळीवर जाऊन बसली, बाजूला चिठ्ठी: ताई.

मुदतीचा शेवटचा रविवार उजाडला. आकाश स्वच्छ, वारा मोजका. जणू कुणी मुद्दाम पुसून ठेवलं होतं. मास्तरांचे नवखे विद्यार्थी शेडपाशी जमले होते. ताईनं घड्या घालायचा जुना कोट काढून उडीचा सूट घातला होता, तो तिला मोठा होत होता.  आपण काय करून बसलोय हे मास्तरांना सकाळी दात घासतानाच कळलं होतं, तरी आशा मोठी लबाड असते. खरं मैदान, खरं विमान समोर, काय सांगावं, उचलेल पाय. लोकांनी वेळेला काय काय उचललेलं त्यांनी पाहिलं होतं.

शेडमधल्या टांगत्या पट्ट्यांत ताईला बसवलं. कॅप्टननं गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं.

“तयार, ताई?”

“हो.”

पाय वर आले. मैदानाची शिस्त म्हणून कॅप्टन घड्याळ बघत मोठ्यानं मोजू लागली. “एक हजार एक. एक हजार दोन.” मास्तरांना वाटलं, एवढा लांब सेकंद आपण आयुष्यात ऐकलेला नाही. “एक हजार तीन.” उजवा पाय गुडघ्यात दुमडला. डाव्यानं थोडा दम धरला, मग तोही गेला. टाचा जमिनीवर टेकल्या, हलकेच, आवाजही झाला नाही.

तीन संधी असायच्या. दुसऱ्या वेळी तीन. तिसऱ्या वेळी दोन झाल्यावर ताईनं स्वतःच हात वर करून थांबवलं.

कॅप्टननं घड्याळ बंद केलं. तिचा चेहरा पडला होता. “तुझं बरोबर आहे ग,” ताईच तिला म्हणाली. “गुडघा सांभाळ. काढ मला यातून.”

नवख्यांमधली केकच्या दुकानातली बाई डोळे पुसत होती. तिची जोडउडी त्याच फेरीत होती, कॅप्टनबरोबर. ताईनं तिला हाक मारली. “फळीवर चिठ्ठी लावलेली छत्री आहे, ती घेऊन जा. चांगली आहे. चिठ्ठी तेवढी काढून टाक.”

“ताई, अहो ती तुमची…”

“माझी कसली? उघडायलाच घातलीय ना घडी? फळीवर ठेवून सडवायचीय का?”

विमान वर गेलं. शेडबाहेरच्या बाकावर ताई आणि मास्तर बसले. मास्तरांना तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून ते आकाशाकडे बघत होते. विमान इतकं लहान झालं की डोळे चोळावे लागले, आणि मग त्यातून एक ठिपका सुटला.

शेजारी ताई पुटपुटायला लागली. “एक हजार एक. एक हजार दोन. एक हजार तीन.”

जोडउडीत बेचाळीस सेकंद नुसतं कोसळायचं असतं, बेचाळिसाव्याला छत्री. मैदानावर हे पोराटोरांनाही पाठ असतं. ताई मोजत राहिली. ना घाई, ना थांबणं. आवाज खोल, प्रत्येक हजार तोंडभर. दहा गेले, वीस गेले. मास्तरांनी नकळत आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा आणि ताई एका पावलानं चालले होते.

“एक हजार एक्केचाळीस,” ताई म्हणाली. “एक हजार बेचाळीस.”

वर छत्री उमलली. लाल आणि पांढरी, चारही कोपरे भरलेले, एकही दोरी वाकडी नाही.

“उघडली,” ताई म्हणाली.

 मास्तर म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“काय? तू हजार खाऊन टाकत होतास ते?” ताई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “अरे, सव्वीस वर्षं मी खाली बसून प्रत्येक उडी मोजलीय. तुझी तर एकही सोडली नाही. आई घरी देवाचं नाव घ्यायची आणि मी इथे आकडे मोजायची. मला सेकंद कळत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

ताईनं छत्रीवरची नजर काढली नाही. “पहिल्या दिवशी बोलणार होते. मग म्हटलं, हा तर बायकोलासुद्धा एक आकडा सोडत नाही. आणि मला चार सोडतोय. तेव्हाच कळलं मला, की तू आशा सोडलीस. डॉक्टर बोलले तेव्हा नव्हतं पटलं. तुझ्या तोंडून ते ‘तीन-चार-पाच’ ऐकलं ना, तेव्हा पटलं.”

मास्तर म्हणाले, “ताई, मी…”

“असू दे. मला राग नाही आला. पण त्या दिवसापासून पट्ट्यांत बसवत नव्हतं रे. रोज सकाळी तू यायचास आणि मला वाटायचं, आज तरी खरं मोजेल.”

केकवाली बाई उतरली. पाय सरळ वर, अगदी मास्तरांनी शिकवल्यासारखे. ती जमिनीवर बसून आनंदानं ओरडत होती, मग बाकाकडे लक्ष जाताच गप्प झाली. कॅप्टन छत्रीचं कापड गोळा करत लंगडत शेडकडे गेली. छत्री आता दुसऱ्या कुणीतरी घडी घालायला घेणार होतं.

पुढे मास्तर एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी सरळ विचारलं, की मी जास्त करून घेतलं म्हणून हे लवकर आलं का. “काही महिने अलीकडे आलं असेल,” डॉक्टर म्हणाले. “नसेलही. ते कुणालाच सांगता येणार नाही.” मास्तरांना वाटलं होतं, हो म्हटलं तर शिक्षा आणि नाही म्हटलं तर सुटका. त्यांना दोन्ही मिळालं नाही.

वाऱ्याचे महिने लागले, विमान शेडमध्ये गेलं. ताईचं मैदानावर जाणं थांबलं. आईचा पलंग भिंतीपासून पुन्हा खोलीच्या मधोमध आला आणि छताचे पट्टे मास्तरांनी काढले. रोज सकाळी ते अजून येतात. अजून एकदा, असं आता कुणी म्हणत नाही. ताई पलंगाच्या काठावर बसते आणि पाय उचलते. उडीसाठी नाही, कशासाठीच नाही. डॉक्टरांनी हलका व्यायाम चालेल म्हटलंय म्हणून.

पहिल्या आठवड्यात दोन आकडे होत होते. मास्तरांना मध्ये फार मोह व्हायचा. दोन आणि तीन यांच्यामध्ये केवढी जागा असते हे त्यांना आता कळत होतं; ती नुसती जिभेनं ओलांडता आली असती. त्यांनी ओलांडली नाही. कॅलेंडरात दोनच लिहिला.

परवा सकाळी ताई काठावर बसली, दोन्ही हातांनी गादी धरायचा प्रयत्न केला, बोटं सुटली तर तळवे टेकले. पाय वर आले. जमिनीपासून वीतभर.

“एक हजार एक,” मास्तर म्हणाले, पूर्ण, तोंडभर.

पाय खाली आले.

“किती?” ताईनं विचारलं.

“एक,” मास्तर म्हणाले.

“बरोबर,” ताई म्हणाली.